सर्ज्या की पाखऱ्या : वळू ठरवण्याआधीची नोंद

कार्तिकी झाली, वाखरीचा जनावरांचा बाजार उठला, आणि आता संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा तोंडावर आली आहे. मधल्या या दिवसांत आमच्या मंगळवेढ्याकडच्या शिवारात ज्वारीची कोळपणी चालू आहे. माझे दोन्ही खिल्लार खोंड दुसे झाले, म्हणजे त्यांना दोन कायमचे दात आले, की एकाला पैदाशीसाठी वळू म्हणून ठेवायचं आणि दुसऱ्याचा बैल करायचा, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. दोघांनीही दात लावलेत. म्हणजे आता ठरवायलाच हवं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. दोघांचा बाप एकच, आया वेगळ्या. सर्ज्या कोसा, अंगाने दुधासारखा पांढरा, शिंगं तांबूस आणि बुडाशी एकमेकांना जवळ. पाखऱ्या काजळी : नाकपुडी, खूर, शिंगं, डोळ्यांच्या कडा सगळं काळं, मान आणि फऱ्यावर करडी झाक. जन्मले तेव्हा दोघांच्याही डोक्यावर खिल्लारच्या वासराला असतो तसा तांबूस डाग होता, आणि दोन-तीन महिन्यांत तो गेला. तेव्हा दोघांत फरक सांगणं अवघड होतं.

आता तो लांबूनही दिसतो. परवा टेपने माप घेतलं. सर्ज्याचा छातीचा घेर ६४ इंच, खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी ५४. पाखऱ्याचा घेर ६०, लांबी ५२. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०, असं केलं की किलोत अंदाजे वजन निघतं. सर्ज्या ३३५ च्या आसपास, पाखऱ्या २८४. काट्यावरचं वजन थोडं वेगळं येईल, पण दोघांतला फरक या हिशोबाने नीट कळतो. माप सकाळी वैरण टाकण्याआधी घ्या आणि दर वेळी त्याच माणसाने टेप धरावी. टेप जरा सैल किंवा आवळ धरली तरी दहा-पंधरा किलो इकडेतिकडे होतात.

सर्ज्याला यंदा प्रदर्शनात नंबर मिळाला. मला आनंद झाला, आणि तो मी लपवत नाही. त्याची शिंगं साळून, तेल लावून, अंगावर झूल टाकून रिंगणात नेला तेव्हा माणसं थांबून बघत होती. परीक्षक जे बघतात तेही फालतू नसतं. शिंगांची ठेवण, वशिंडाचा आकार, गळ्याची पोळी लोंबती नको, कातडी पातळ आणि अंगाला चिकटलेली, शेपटीचा गोंडा काळा, पाठ सरळ. जात शुद्ध आहे की नाही हे यातूनच कळतं. गावोगाव भेसळ झाली त्या काळात खिल्लार ओळखू येईल अशी राहिली, त्यात यात्रांचा आणि प्रदर्शनांचा मोठा वाटा आहे. खरसुंडी, म्हसवड, पंढरपूर, सोलापूर, सांगोल्याचा रविवारचा बाजार या ठिकाणी बघून बघूनच आपल्या भागातल्या माणसांची नजर तयार झाली.

अडचण दुसरीकडे आहे. रिंगणात खोंड उभा असतो. पाच मिनिटं, वेसण धरून, सपाट जागेवर. खिल्लार मात्र उभं राहण्यासाठी घडलेलीच नाही. ही जात म्हैसूरकडच्या हल्लीकर जातीच्या वंशातली मानतात, आणि माणदेशाच्या दुष्काळी माळावर धनगरांनी व शेतकऱ्यांनी ती घडवली ती झपाझप चालण्यासाठी आणि ओढण्यासाठी. गाईला दूध कमीच, एका वेतात, म्हणजे एकदा व्यायल्यावर, साधारण ४०० लिटरच्या आसपास. एवढं कमी दूध असूनही पिढ्यान्‌पिढ्या ही गाय दावणीला राहिली ती पोटच्या बैलासाठी. मग वळू निवडताना त्या बैलाचं काम बघायचंच नाही, हे मला पटत नाही.

म्हणून यंदा कोणालाही खच्ची करण्याआधी दोघांना जुवाखाली घेतलं. आधी जुन्या बैलासोबत नुसतं मोकळं जू, मग मागे लाकडाचा ओंडका, मग पेरणीआधीच्या रानात कुळव, आणि आता कोळपं, म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं अवजार. कोळप्याला ताकद फार लागत नाही, पण खोंडाचा स्वभाव कोळप्यावर जितका कळतो तितका दुसऱ्या कशावर कळत नाही. दोन्ही बाजूंना गुडघाभर हिरवीगार ज्वारी, तोंडाला मुसकी, आणि ओळ सोडायची नाही. पाखऱ्या पहिल्या दोन फेऱ्यांतच ओळीत लागला. ओळ संपली की स्वतःच वळायला बघतो. कासरा हलवावा लागतो तो फक्त थांबवायला. सर्ज्या रागीट नाही, मारकाही नाही, पण त्याचं ध्यान राहत नाही. मध्येच थांबतो, डोकं वर करतो, मग एकदम उसळी घेतो आणि दोन-चार धाटं आडवी होतात. शिकेल, नाही असं नाही. पण एकाला शिकवावं लागतं आणि एकाच्या अंगातच असतं, हा फरक वळू निवडताना सोडून देता येत नाही.

पावलांची गोष्ट मात्र सविस्तर सांगतो, कारण ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बांधाकडेला पाणी दिलेली पट्टी होती, काळी माती, पाय रुतेल इतकी ओली नाही पण ठसा उठेल इतकी. दोघांना एकापाठोपाठ एक त्यावरून चालवलं. पाखऱ्याचं मागचं खूर पुढच्या ठशात बरोबर बसत होतं, कधी बोटभर पुढे. ठसा गोल, दोन्ही नख्या सारख्या टेकलेल्या. सर्ज्याचं मागचं पाऊल चार बोटं मागे पडत होतं, आणि ठशाची बाहेरची बाजू खोल होती. म्हणजे मागचा पाय सरळसोट आहे, ढोपराला (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याला) जो बाक हवा तो कमी आहे, आणि भार बाहेरच्या नखीवर जातो. उभा असताना हेच पाय खांबासारखे ताठ दिसतात आणि परीक्षकाला आवडतात. गाडीला जुंपल्यावर याच पायांचा बैल चार हंगामांत लंगडायला लागतो. उसाच्या टायरगाडीत दोन टनांच्या आसपास भार घेऊन कारखान्याच्या डांबरी रस्त्यावर चालणारे बैल ज्यांनी बघितलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

शेजारचे तात्या बांधावर बसून हे बघत होते. आयुष्यभर बैलं ठेवलेला माणूस. एवढंच म्हणाले, "पोरा, बैल उभा बघू नगं. चालता बघ, आन् त्येची आई बघ."

आईचा हिशोब माझ्या वहीत आहेच. पाखऱ्याची आई चौदा-पंधरा महिन्यांनी व्यायते, कडब्यावर आणि बांधाच्या गवतावर. तिच्या दुधावरच वासरू वाढतं आणि उरलेलं घरी येतं. सर्ज्याची आई देखणी, पण दोन वेतांत दोन वर्षांहून जास्त अंतर, आणि दूध इतकं कमी की सर्ज्याला वरून दुसऱ्या गाईचं पाजावं लागलं. पुढे प्रदर्शनासाठी त्याला सरकी पेंड, मक्याचा भरडा, भिजवलेला हरभरा चालू होता. म्हणजे दोघांतला पन्नासेक किलोंचा फरक बराचसा माझ्या पेंडीचा आहे. पेंडीची चकाकी वासरात उतरत नाही. ढोपराचा बाक उतरतो, खुराची ठेवण उतरते, आईच्या दुधाची आणि वेळेवर गाभण राहण्याची बाजू पुढच्या कालवडींत उतरते. आणि भरड्याचा मारा जास्त झाला की पोटात आम्लता वाढून त्याचा परिणाम थेट खुरांवर होतो, हेही लक्षात असू द्या. प्रदर्शनाच्या खोंडांत लांब वाढलेली, चपटी खुरं दिसतात त्याला सिमेंटच्या गोठ्यात बांधून ठेवणं आणि हा खुराक, दोन्ही कारणं आहेत.

नुसत्या रिंगणाच्या नजरेने जात कुठवर जाते, याचं उदाहरण मांसासाठी जनावरं पाळणाऱ्या देशांत आहे. आपला आणि त्यांचा हेतू वेगळा, पण निवडीचा नियम एकच. अमेरिकेत १९४० आणि ५० च्या दशकांत हेरफर्ड जातीच्या प्रदर्शनांत ठेंगणी, आखूड पायांची, गोळीबंद जनावरं पहिली येत होती. मग सगळ्यांनी तसलेच वळू वापरले. पुढे कळपांत बुटकी, धापा टाकणारी, न जगणारी वासरं जन्मू लागली. बुटकेपणाचा तो दोष दबलेला असतो. एकाच बाजूने आला तर जनावर धड दिसतं, आणि दोन्ही बाजूंनी आला की वासरू बुटकं. दोष वाहणाऱ्या दोघांची गाठ पडली की सरासरी चारांत एक वासरू असं. घात असा की एकेरी दोष वाहणारं जनावर किंचित ठेंगणं आणि भरीव दिसायचं, म्हणजे परीक्षकाला हवं तसंच. बक्षीस नकळत दोषालाच मिळत होतं. वंशावळी तपासून, नामांकित घराणी बाजूला काढून त्यांना तो निस्तरावा लागला. त्यानंतर काटा उलटा फिरला. १९७० आणि ८० च्या दशकांत युरोपातल्या मोठ्या जातींचं रक्त आलं आणि उंच, लांब पायांची जनावरं जिंकू लागली. ती उशिरा भरायची, खायची जास्त, आणि चराऊ रानावर टिकेनात. मग पुन्हा मधल्या मापाकडे यावं लागलं. चरणाऱ्या गाईला यातलं काहीच नको होतं. तिला वर्षाला एक वासरू आणि चालते पाय एवढंच हवं होतं.

आपल्याकडे आता तिसरी नजर आली आहे, बैलगाडा शर्यतीची. २०१४ च्या बंदीनंतर शौकिनांनी बैल सांभाळणं कमी केलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली, २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा मान्य केला, आणि खोंडांना पुन्हा भाव आला. जात टिकायला त्याने मदत झाली, हे मी मानतो. पण शर्यत काही सेकंदांची असते. पळाला म्हणून लगेच त्याच्याखाली गावातल्या सगळ्या गाई द्यायच्या, हे मला उभ्या रिंगणाइतकंच अर्धवट वाटतं. ट्रॅक्टर आल्यापासून दिवसभराच्या कामाची परीक्षा कोणीच घेत नाही. ती आपल्यासारख्या हौशी लोकांनी घेतली नाही तर घेणार कोण?

तर ठरलं ते असं. वळू पाखऱ्या. डॉक्टरांकडून अंडकोषाचा घेर मोजून आणि वीर्य तपासून घेणार, आणि त्यानंतरच पहिल्या गाई देणार. सुरुवातीला मोजक्याच, आणि सगळ्या अशा की ज्यांच्या आईची वेतं मला ठाऊक आहेत. त्याच्या पोटच्या कालवडी माजावर यायला लागल्या की त्याला गावात ठेवायचं नाही, दुसऱ्या भागात द्यायचा. बापलेकीची गाठ नको.

सर्ज्याला विकणार नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत तो बाजारात उभा राहील, बघायला या, पण दावं सुटणार नाही. यात्रा झाली की चिमट्याने खच्ची करून घेणार, पेंड निम्म्यावर आणणार आणि खुरं तासून पत्री (लोखंडी नाल) मारणार. जुन्या बैलाच्या जोडीला हलक्या कामावर ठेवून मागचे पाय कितपत सुधारतात ते बघायचंय. पायाचा बाक बदलणार नाही, पण वजन उतरलं की पाऊल पुढे पडतं का, हे मला मोजून लिहायचं आहे. खांद्यावर आत्ताच किंचित सूज आहे, म्हणून जुवाला गोणपाट गुंडाळलं आहे आणि ती उतरेपर्यंत त्याला सुट्टी. दुसे खोंड पहिल्यांदा जुंपताना खांदेसूज रोज हाताने चाचपून बघा. गरम लागलं की त्याच दिवशी जू काढा.

पुढची मापं बेंदराला, बैलांच्या सणाला. आमच्याकडे मंगळवेढ्याच्या दक्षिणेला ज्येष्ठातला कर्नाटकी बेंदूर करतात, तेव्हा तीच टेप, तोच माणूस. तुमच्यापैकी कोणी काजळी खोंड जुंपून मग वळू ठेवला असेल, तर त्याच्या वासरांचे मागचे पाय कसे निघाले ते मला कळवा. फोटो उभा नको, चालताना बाजूने काढलेला हवा.