आमचे ड्रॉइंगचे सर

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर आहे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतून गार झालं की आकसतं, म्हणून ज्यावरून साचा घेतात तो लाकडी पॅटर्न साधारण 1 टक्का मोठा करावा लागतो. कागदावरच्या रेघांतून घन वस्तू डोळ्यांपुढे उभी करायची ही नजर मला शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी दिली.

सर बेळगावच्या चित्रमंदिर या कलाशाळेत चित्रकार के. बी. कुलकर्णींकडे शिकलेले. चित्रकार रवी परांजपे त्याच गुरूंचे शिष्य, जन्मही 1935 साली बेळगावातलाच. परांजप्यांचं चित्र कुठं छापून आलं की सर ते कापून फळ्याशेजारी लावायचे आणि म्हणायचे, "बघून ठेवा, हा आपल्या बेळगावचा हात." स्वतःच्या चित्रांबद्दल मात्र ते कधी बोलले नाहीत. ती सगळी घरी ट्रंकेत होती.

दहावीच्या वर्षी ड्रॉइंगचा तास गणिताला जायचा. सरांनी दर वर्षी त्यासाठी वाद घातला, आणि तास मिळाला नाही तेव्हा रविवारची सकाळ धरली. लोअर-हायर या ड्रॉइंगच्या परीक्षांची तयारी तिथंच व्हायची, फीशिवाय. त्यासाठी ते सायकलवरून घरोघर फिरले. आमच्याकडे आले तेव्हा वडील भाताच्या रोपांत होते. "चित्रं काढून पोट भरतंय काय सर?" सर चप्पल काढून बांधावर बसले. "ते आत्ता कसं सांगू? पण पोराच्या हातात आहे ते वाया जाऊ नये. रविवारी चार तास द्या मला." वडिलांनी दिले.

एकदा त्यांनी आम्हाला किल्ल्यातल्या कमल बस्तीत नेलं. 1204 सालचं ते काळ्या दगडाचं जैन मंदिर, छतात कोरलेलं मोठं कमळ. वर बघून मान अवघडली, तेव्हा तिथल्या माणसाला विचारून सरांनी आम्हाला मंडपात थोडा वेळ आडवं होऊ दिलं. पाठीला गार दगड. "पाकळी काढू नका. दोन पाकळ्यांमधला काळोख काढा, पाकळी आपोआप येती."

माझ्या कागदाला त्यांनी हात लावला नाही. कोपऱ्यात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं: "परत ये. सकाळी लवकर. उजेड वेगळा असतो."

पुढच्या रविवारी सातला मी एकटाच गेलो. सर आधीच येऊन पायरीवर बसले होते.