आमची वाटचाल : राकसकोप ते वेंगुर्ला बंदर

बेळगावात भाड्याच्या गाडीवाल्याकडं आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला शब्द ‘गोवा’ आणि दुसरा ‘किती तासांत?’ 2009 पासून मी हेच ऐकतोय. पण आमच्या दोन गाड्यांचे हप्ते फिटले ते बेळगावजवळच्या राकसकोप धरणाहून निघून आंबोलीमार्गे रमतगमत संध्याकाळी वेंगुर्ल्याला टेकणाऱ्या एका सहलीवर. कुणालाच कुठं वेळेवर पोचायचं नसतं अशी ही सहल.

बाबा वडापवाले, म्हणजे माणशी भाडं घेऊन गाडी भरून न्यायची. बेळगाव ते चंदगड त्यांची ट्रॅक्स चालायची. माणसं किती बसवायची याला मर्यादा नव्हती. शेवटचा माणूस दाराला लोंबकळला की गाडी भरली असं समजायचं. हिंडलगा गणपतीसमोर वेग कमी करून एक हात कपाळाला लावायचा, शिनोळीत राज्य बदलायचं, पाटणे फाट्याला चहा घ्यायचा. त्या रस्त्याला बेळगावात अजून वेंगुर्ला रोडच म्हणतात. लहानपणी मी विचारायचो, वेंगुर्ल्याला तर कोणीच जात नाही, मग नाव का? बाबा सांगायचे, इंग्रजांच्या काळात आपल्या कॅम्पातल्या पलटणींचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा आणि आंबोलीचा घाट चढून बैलगाडीनं इकडं यायचा. बंदराचा तो डामडौल कधीच संपला, नाव तेवढं रस्त्याला चिकटून राहिलं. गंमत अशी की बाबा स्वतः चंदगडच्या पुढं क्वचितच गेले होते. वडाप सोडून समुद्र बघायला कोण जातंय?

मी जुनी इंडिका घेतली, पिवळी पाटी लावली आणि सगळ्यांसारखाच गोव्याच्या विमानतळाची भाडी मारू लागलो. चोर्ला घाट उतरायचा, माणूस सोडायचा, रिकामी गाडी घेऊन वर यायचं. जांबोटी ते कणकुंबी खड्डे मोजत जायचं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, माउलीचं देऊळ तिथंच आहे, पण विमान पकडायला निघालेल्या माणसाला ते दाखवायचं कधी?

2013 च्या पावसाळ्यात टिळकवाडीतल्या एका निवृत्त भूगोलाच्या सरांनी गाडी बोलावली. म्हणाले, “आधी राकसकोप, मग समुद्र. गोवा नको, वेंगुर्ला.” मला वाटलं, सरांचा पत्ता चुकतोय. राकसकोपला गाडी थांबवायला लावून ते पाण्याकडं बघत बसले. मग म्हणाले, “तुझ्या घरच्या नळाचं पाणी हे. ही मार्कंडेय पुढं घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. पाणी निघालंय पूर्वेला आणि तू मला नेतोयस पश्चिमेला.” आंबोलीत पोचल्यावर पुन्हा तेच. हिरण्यकेशीच्या उगमाचं पाणी पूर्वेला घटप्रभेकडं, आणि तिथून थोडं पुढं घाटातले धबधबे कोसळतात ते अरबी समुद्राच्या वाटेला लागलेले. शेकडो वेळा घाट बघितलेला मी. पाणी कुठल्या बाजूला वाहतंय याकडं माझं लक्षच नव्हतं. त्या दिवशी सरांकडून वेटिंगचे पैसे घेतले नाहीत. बायको रागावली. तिचं बरोबरच होतं, तेव्हा महिन्याचा हप्ता थकला होता.

पुढं तीच सहल आम्ही लोकांना द्यायला लागलो. कागदावर अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर, पण आखणी करताना घाम फुटला.

बेळगाव सहाला सोडायचं, म्हणजे बेळगुंदीवरून राकसकोपला कोवळ्या उन्हात पोचता येतं. 2475 फूट ही तिथली पूर्ण पातळी. जुलैत पाणी तिथवर चढतंय का हे आमच्याकडची माणसं पेपरात सोन्याच्या भावासारखं बघतात. पाणी काठावरूनच दाखवायचं, उतरू कोणालाच द्यायचं नाही. प्यायचं पाणी आहे, तिथं पाय धुतलेले मला चालत नाहीत. मग तुडये, शिनोळी, चंदगड. आंबोली अकराच्या आत गाठायची. पावसाळ्यात रविवारी तर ही सहल आम्ही घेतच नाही. धबधब्याजवळ दुतर्फा गाड्या, धुक्यात समोरचा लाल दिवा दिसेना, आणि कणसं खाणारी माणसं वळणावरच उभी. मंगळवार-बुधवार मागा, खुशाल नेतो. दाणोलीला घाट उतरला की हवा बदलते, गाडीतली माणसं एकदम स्वेटर काढायला लागतात. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठावर जेवण, चितारआळीत लाकडी खेळणी. बायका तिथं दीड तास घालवतात. मी पूर्वी घाई करायचो, आता वेळापत्रकातच दोन तास लिहितो.

मासे हा वेगळाच विषय. 1 जून ते 31 जुलै समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. पहिल्या वर्षी हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जुलैत बारा माणसं नेली, सगळी सुरमईच्या आशेवर. वेंगुर्ल्यात खाडीच्या माशांवर आणि सोलकढीवर भागवावं लागलं. आता जून-जुलैच्या बुकिंगला मी आधीच सांगतो, हिरवळ मागा, सुरमई मागू नका. त्यावर चार जण बुकिंग रद्द करतात. करू देत.

दुसऱ्या दिवशी शिरोडा (1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला ते हेच, मिठागरं अजून आहेत), रेडीचा गणपती आणि तेरेखोल. तेरेखोल किल्ला नदीच्या अलीकडं असून गोव्यात, म्हणजे महाराष्ट्रातून चालत गोव्यात शिरता येतं. फेरीबोटीतून पलीकडं केरी. बोट बंद असली तर आरोंदा-किरणपाणीचा पूल. परत येताना चोर्ला, म्हणजे दोन दिवसांत तीन राज्यं.

या केरीनं एकदा आमचं नाक कापलं. गोव्यात एक केरी पेडण्यात, समुद्राला लागून. दुसरी सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. या दुसऱ्या केरीत धरण आहे, त्याचं नाव अंजुणे. आणि अंजुना हा किनारा तर सगळ्यांनाच माहीत. 2016 ला हुबळीच्या एका कुटुंबानं फोनवर सांगितलं, आधी केरी, मग अंजुना. मी चिठ्ठीवर तेवढंच लिहिलं. गाडीवर खानापूरकडचा नवा पोरगा होता. त्याचा अकराला फोन : “दादा, केरी झालं, अंजुणे पण झालं. पाणी लै हाय, पण समुद्र न्हाई.” मागं पाहुण्यांचा आवाज ऐकू येत होता, अर्धा कानडीत, अर्धा मराठीत, दोन्ही कडक. पोराची चूक नव्हती. त्यानं दोन्ही नावं बरोबर गाठली होती. अर्धं भाडं सोडलं, तरी ते लोक परत आले नाहीत. तेव्हापासून आमच्या चिठ्ठीवर गावापुढं तालुका असतो.

दुसरा नियमही पैसे मोजून शिकलो : परतीचा घाट चढताना पाहुण्यांच्या पिशव्यांत दारू नको. एकाच्या पिशवीतल्या गोव्याच्या बाटल्यांपायी आमची गाडी नाक्यावर अडकून पडली होती. त्यावर जास्त लिहीत नाही.

कागदपत्रांचं दुखणं मात्र कमी झालंय. पूर्वी प्रत्येक सीमेवर वेगळा कर, वेगळी पावती. 1 एप्रिल 2021 पासून नवे नियम आले, अखिल भारतीय पर्यटक परवाना ऑनलाइन मिळायला लागला. मी आनंदानं अर्ज भरला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातून परत येताना आमच्याच गावात शिरायला कोरोनाच्या आरटीपीसीआर तपासणीचा कागद मागू लागले! परवाना देशभर फिरायचा, गाडी दारात उभी. सीमाप्रश्न तापला की आणखी वेगळं. डिसेंबर 2022 मध्ये बेळगावची केए 22 ची पाटी घेऊन शिनोळी ओलांडायची की नाही हे आम्ही रोज सकाळी फोन करून ठरवत होतो. त्यातच डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. शहरातल्या लॉजच्या खोल्या भरलेल्या, म्हणजे बाहेरच्या पाहुण्यांना ऐन मोसमात मुक्काम मिळत नाही.

5 जानेवारी 2023 ला उत्तर गोव्यातल्या मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि आमचं नशीब जरा फिरलं. पुण्या-मुंबईकडचे लोक तिथं उतरतात, सावंतवाडी जवळ. आता काहींना आम्ही सहल उलटी देतो : आधी समुद्र, मग आंबोली, शेवटी राकसकोप आणि बेळगावचा कुंदा. उलट्या सहलीत ती मजा येत नाही, हे माझं मत. पण पाहुणे खूश असतात आणि गाडी एका बाजूनं रिकामी जात नाही.

बाबांना मी वेंगुर्ल्याला नेलं ते 2018 मध्ये, पायाचं ऑपरेशन झाल्यावर. जेट्टीवर काठी टेकून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “एवढ्यासाठी आंबोली चढवत होते व्हय बैलांना?” गाडीत बसल्यावर विचारलं, एका माणसाचं किती घेतोस. मी आकडा सांगितला. बाबा म्हणाले, कमी घेतोस.