आकड्यांमागची नावे : गावोगावच्या महायुद्ध-शिळांच्या नोंदीची प्रगती

पहिल्या महायुद्धाच्या स्मृतिशिळांची तालुकावार नोंद करण्याचे आमच्या छोट्या गटाचे काम या हंगामात रत्नागिरी जिल्ह्यातील खेड आणि दापोली भागात पुढे सरकले असून, आता शिळांच्या शोधापेक्षा त्यांवरील आकड्यांना नावे जोडण्याकडे आम्ही अधिक वेळ देत आहोत. या शिळांचा मजकूर आपणांपैकी अनेकांना पाठ असेल: या गावातून इतके पुरुष 1914 ते 1919 च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावाचे 46 वीर सर्वपरिचित आहेत; परंतु ज्या गावच्या शिळेवर मृतांचा आकडा दोन किंवा तीनच आहे, तेथे ती माणसे कोण होती हे सांगणारे आज सहसा कोणी उरलेले नसते. माझ्या मते आपले खरे काम अशाच गावांत आहे.

खेड तालुक्यातील एका जुन्या शाळेच्या पडवीत बसवलेल्या शिळेने आम्हांला बराच वेळ थांबवले. गावकऱ्यांनी आस्थेने तिच्यावर वर्षानुवर्षे ऑइलपेंटचे हात दिले आहेत, त्यामुळे मृतांचा आकडा 3 आहे की 8 हे समोरून मुळीच कळत नव्हते. दिवस मावळल्यावर विजेरी शिळेला जवळजवळ टेकवून डावीकडून प्रकाश टाकला, तेव्हा अंकाच्या खाचेची सावली उमटली. मग उजवीकडून आणि खालून प्रकाश टाकून पुन्हा छायाचित्रे घेतली आणि तो आकडा 3 असल्याचे निश्चित झाले. रंग खरवडण्याचा मोह टाळावा, ही सर्वांना कळकळीची विनंती आहे. तारेचा ब्रश आणि फरशी पुसण्याचे आम्ल या दोन गोष्टी संगमरवराच्या शत्रू आहेत. आम्लाने दगडाचा पृष्ठभागच विरघळतो आणि उथळ कोरीव अक्षरे कायमची जातात. स्वच्छ पाणी, मऊ ब्रश आणि तिरका प्रकाश एवढे बहुतेक ठिकाणी पुरते.

नावांसाठी आमचा मुख्य आधार कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाची, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांतील युद्धमृतांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेची, मृतांची सूची हा आहे. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पडलेल्या आणि ज्ञात कबर नसलेल्या 40,000 हून अधिक सैनिकांचे स्मारक इराकमध्ये बसऱ्याजवळ आहे. मात्र त्याच्या फलकांवर हिंदी (म्हणजे भारतीय) अधिकाऱ्यांची नावे कोरून साध्या हिंदी शिपायांची केवळ संख्या देण्यात आली होती. म्हणजे आपल्या माणसाचा गावात आकडा झाला आणि परदेशातील स्मारकावरही आकडाच झाला. आयोगाने स्वतः 2021 च्या अहवालात ही विषमता मान्य केली, हे योग्यच झाले. सूचीत आज ही नावे शोधता येतात, आणि अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हा दिलेला असल्यामुळे शिळेपासून घरापर्यंत पोहोचण्याची वाट मिळते.

पलटणीचा क्रमांक आणि मृत्यूची तारीख एकत्र वाचली, की पुष्कळ उलगडा होतो. मेसोपोटेमियात लढलेल्या ब्रिटिश हिंदी सैन्याच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी होत्या. त्यांपैकी एखाद्या शिपायाची तारीख 22 नोव्हेंबर 1915 किंवा लगतची असेल, तर तो बहुधा बगदादच्या वाटेवर टेसिफॉनच्या लढाईत पडला. तारीख त्या डिसेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंतची असेल, तर कूतच्या वेढ्याचा विचार करावा लागतो; मेसोपोटेमियातील या गावात तुर्कांनी ही डिव्हिजन कोंडून धरली होती. 29 एप्रिल 1916 रोजी डिव्हिजनचे सेनापती जनरल टाउनशेंड यांनी कूत येथे शरणागती पत्करली. त्या पलटणींतील ज्यांची मृत्यूची तारीख यानंतरची आहे, त्यांच्या बाबतीत तुर्कांच्या कैदेत उपासमारीने किंवा रोगराईने मृत्यू आल्याची शक्यता तपासावीच.

गाव ओळखणे हे त्याहून किचकट आहे. रोमन लिपीत ल आणि ळ, द आणि ड एकच होतात. शिवाय खेड तालुका रत्नागिरीतही होता आणि पुण्यातही. जिल्हा त्या काळचा धरावा लागतो: आजचा सिंधुदुर्गाचा बराचसा भाग तेव्हा रत्नागिरीत होता, वाळवे आणि तासगाव साताऱ्यात होते, आणि रायगडाचे नाव कुलाबा होते. वाड्यांच्या पुढे स्वतंत्र ग्रामपंचायती झाल्या आहेत, त्यामुळे शिळा एका गावात आणि शिपायाचे घर शेजारच्या गावात, असेही आढळते.

दापोली भागातील एका घरी आजींनी ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेली कांस्याची गोल स्मृतिचकती, म्हणजे युद्धात मृत झालेल्याच्या कुटुंबाला सरकारने दिलेली चकती, काढून दाखवली. तिचा व्यास सुमारे 12 सेंटीमीटर आहे. त्रिशूळधारी ब्रिटानिया, पुढे सिंह आणि आयताकृती चौकटीत उठावाची अक्षरे असलेले केवळ नाव, कारण या चकतीवर हुद्दा किंवा पलटण कोणाचीच लिहिली जात नसे. दरवर्षी दसऱ्याला ती पूजेत मांडतात, असे आजींनी सांगितले. अशा घरी युद्धपदकही आहे का, हे अवश्य विचारावे. पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते आणि त्याने ओळख पक्की होते. पदक चांदीऐवजी कांस्याचे निघाल्यास तो मनुष्य मजूर किंवा हमाल पलटणीत असण्याची शक्यता मोठी. तोही महायुद्धावर गेलेलाच होता, म्हणून त्याचा शोध तितक्याच आस्थेने घ्यावा. वस्तू घरातच राहू द्यावी. मोजपट्टीसह छायाचित्र आपल्याला पुरेसे आहे.

एकाच नावाचे दोन शिपाई वारंवार आढळत असल्याने वडिलांचे नाव आणि गाव ही दोन्ही जुळल्याशिवाय आम्ही कोणतेही नाव शिळेसमोर लिहीत नाही. शिळेवर 3 आणि सूचीत दोनच सापडले, तर तिसरी जागा रिकामी ठेवतो. शाळेतील त्या शिळेची सध्या हीच स्थिती आहे. पुढील टप्प्यात चिपळूण तालुका आणि 1917 साली उभारलेल्या 111 महार पलटणीच्या शिपायांची गावे घ्यावयाची आहेत. त्या भागातील शिळा कोणी पाहिल्या असल्यास पूर्ण शिळेचे, दोन्ही आकड्यांचे जवळून आणि शिळा बसवलेल्या इमारतीचे अशी छायाचित्रे घेऊन ठेवावीत, आणि गावाच्या नावाबरोबर वाडीचेही नाव लिहावे.