पत्रात आकडाच नव्हता

'प्रिय सदस्य, सध्याचा काळ आव्हानात्मक आहे.'

क्लबचं पत्र आज तीनदा वाचलं. कर्ज किती, खेळाडूंचे पगार कधीपासून थकलेत, एक आकडा नाही. पगार थकल्याचं मला बातम्यांतूनच कळलं होतं. शेवटची ओळ तेवढी स्पष्ट: वर्गणी वेळेत भरा.

ती ओळ दिवसभर डोक्यातून जाईना.

इंग्लंडचा 'बरी' हा फुटबॉल क्लब आठवला. १८८५ चा, एफए कप ही तिथली मानाची फुटबॉल स्पर्धा दोनदा जिंकलेला. २०१९ मध्ये आर्थिक हमी देता आली नाही म्हणून लीगमधून काढला. त्याच दिवशी सकाळी शेकडो चाहते स्टेडियम झाडायला जमले होते, सामना होईल या आशेने!

माणसं एवढा जीव लावतात हो. वर्गणी मी भरणारच. पण आम्हाला खरं सांगायला कसली भीती वाटते?