विहिरीत रेंज येत नाही

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला हमखास येतो : "सर, शिकलेली माणसंसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या, कारस्थानांच्या असल्या थापांवर विश्वास कसा ठेवतात?" परवा तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो, पण सुरुवात माझ्यापासूनच करावी लागेल.

नोव्हेंबर 2016. नोटाबंदी झाली आणि लगोलग व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, की 2000च्या नव्या नोटेत नॅनो चिप आहे. जमिनीखाली 120 मीटरवर पुरली तरी उपग्रहाला पत्ता लागतो. मी, एमएस्सी फिजिक्स, तो मेसेज चार ग्रुपवर ढकलला. गावी काकांना वाचूनही दाखवला. काका नववी नापास. ते म्हणाले, "विहिरीत उतरलो की माझ्या मोबाइलची रेंज जाते. तुझ्या नोटेला कुठनं येते रं?"

काळा पैसा सापडावा असं मला मनापासून वाटत होतं, एवढंच काय ते कारण. नावडता मेसेज असता तर मी पहिल्या ओळीलाच बॅटरी कुठाय म्हणून विचारलं असतं.

आता गंमत बघा. हेच काका माणूस चंद्रावर गेला हे मानत नाहीत. "हवा नाही तर झेंडा फडफडतो कसा?" मी समजावलं : झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती, म्हणून तो ताठ दिसतो, खांब रोवताना हलला, आणि थोपवायला हवाच नाही म्हणून हलत राहिला. काकांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं. "हे तुम्हाला मागनं सुचलेलं."

झेंड्याचं ते भांडण नव्हतंच. काकांचे उसाचे पैसे एका पतसंस्थेत बुडालेत. तिजोरी रिकामी असताना चेअरमन भर सभेत "ठेवी सुरक्षित आहेत" म्हणत होते. तेव्हापासून वरचा कुणी छातीठोक बोलला, की काकांना तिथंच पाणी मुरताना दिसतं. त्यांना भोळे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून एकदा मी पतसंस्थेचाच विषय काढला. "काका, ते फुटलं कसं?"

"ऑडिटात सापडलं. आणि तो क्लार्क बोलला."

कारस्थानं असतातच. पण ती अशी फुटतात : कागद सापडतो, कुणीतरी बोलतं. अमेरिकेच्या ज्या राष्ट्राध्यक्ष निक्सननी 1969मध्ये चंद्रावरच्या अंतराळवीरांना फोन लावला, त्यांचंच वॉटरगेट प्रकरण घ्या. जून 1972मध्ये विरोधी पक्षाच्या कचेरीत घरफोडी झाली, ऑगस्ट 1974मध्ये ते खुर्चीवरून खाली. मूठभर माणसांचं गुपित फार काळ पचलं नाही. अपोलो या चांद्रमोहिमेवर तर सुमारे चार लाख माणसं राबली होती. आणि आर्मस्ट्राँग उतरले तेव्हा अमेरिकेशी शर्यत लावलेल्या रशियाचं लूना 15 हे बिनमाणसाचं यान चंद्राभोवतीच घिरट्या घालत होतं.

"रशिया गप्प बसायचा नाही," काका म्हणाले. भाऊबंदकीत जन्म गेलेला माणूस. हे त्यांना लगेच पटलं. पण चंद्र नाहीच.

शेवटी विचारलं, "काय बघितलं तर मानाल?" हा प्रश्न मी हल्ली स्वतःलाही विचारतो, फॉरवर्डचं बटण दाबायच्या आधी. बऱ्याचदा उत्तर "काहीही दाखवलं तरी नाही" असं निघतं, आणि मग माझी मलाच लाज वाटते.

काका म्हणाले, "आपल्या माणसांनी बघितलं असंल तर."

आपलं म्हणून खरं, हेही कारण तसं कच्चंच. तरी मी आपल्या चांद्रयान-2च्या ऑर्बिटरनं, म्हणजे चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानं, टिपलेला अपोलो 11च्या जागेचा फोटो काढून दिला. राखाडी जमीन, मधे ठिपक्याएवढं यानाचं बूड. काकांनी चष्मा पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला.

"सावली पडलीय खरी," म्हणाले, आणि मोबाइल माझ्या हातात दिला.