मेनिंजायटिसची लस आणि लेकीची 'हो'

इंग्लंडमध्ये इयर नाइनच्या, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना शाळेतच दोन इंजेक्शनं देतात. एक धनुर्वात, घटसर्प आणि पोलिओचा बूस्टर, दुसरं मेनिंजायटिसचं, ज्याला इथे सगळे 'मेन एसीडब्ल्यूवाय' म्हणतात, कारण ते त्याच्या जिवाणूच्या ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार गटांवर चालतं. लेकीच्या शाळेकडून संमतीचा फॉर्म फोनवर आला. लस द्यायची यात मला शंका नव्हतीच, 'हो' भरून मोकळी झाले. पण सोबतच्या माहितीतलं एक वाक्य काही केल्या घशाखाली उतरेना. पालकांचं उत्तर आलं नाही आणि मुलीला सगळं नीट समजतंय असं नर्सला वाटलं, तर मुलगी स्वतःच संमती देऊ शकते. खोदून विचारल्यावर कळलं की मी 'नाही' लिहिलं आणि तिने 'हो' म्हटलं, तरी कायद्याने तिचं 'हो' चालतं.

मला राग आला. सकाळी पाण्याची बाटली घेतलीस का, हे जिला रोज विचारावं लागतं, तिच्या दंडात सुई टोचायची की नाही हे ती आणि एक अनोळखी नर्स ठरवणार? या नियमामागे 1985 चा एक निकाल आहे. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं की सोळा वर्षांखालच्या मुलाला उपचार काय आहे, त्याचे फायदे-तोटे काय आहेत हे खरोखर समजत असेल, तर त्याची संमती पुरेशी आहे. पालकांना न विचारता मुलांना उपचार देण्याविरुद्ध हा खटला लढणारी बाई स्वतः अनेक मुलांची आई होती, आणि ती हरली. मी हे वाचलं तेव्हा माझी सगळी सहानुभूती तिच्या बाजूला होती. आपल्याकडे मुलांच्या दुखण्याखुपण्याचे निर्णय आई-बाप घेतात त्यात काळजी असते, मालकी नसते. इथल्या लोकांना हे समजावून सांगताना मी थकते.

नियम मला अजूनही पूर्ण पटलेला नाही. पण या एका आजारापुरतं मुलीशी थेट बोलणं किती गरजेचं आहे, हे मात्र पटलं. त्याचं कारण या आजाराचं घड्याळ.

मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या आवरणांना आलेली सूज. त्यातला मेनिंगोकोकस या जिवाणूमुळे होणारा प्रकार पोरवयात, म्हणजे किशोरवयात, विशेष धोक्याचा. एरवी साधारण दहा माणसांत एकाच्या नाका-घशात हा जिवाणू काही त्रास न देता राहतो. पोरवयात हे प्रमाण चारात एकापर्यंत जातं. एका खोलीत राहणं, गर्दी, चुंबन, जवळून खोकणं, एवढं त्याला पुरतं. म्हणून वसतिगृहातलं पहिलं वर्ष जोखमीचं.

2006 साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधल्या आजारी मुलांचा एक अभ्यास छापून आला होता. पहिले चार ते सहा तास बहुतेकांना नुसता ताप, मळमळ, चिडचिड, म्हणजे कुठल्याही फ्लूसारखंच. आणि चोवीस तासांत मूल मरणाच्या दारात. मधल्या काळात, सरासरी आठव्या तासाच्या सुमारास, बऱ्याच मुलांमध्ये तीन खुणा दिसल्या होत्या: पाय दुखणं, ताप असूनही हात-पाय गार पडणं आणि कातडीचा रंग फिकट किंवा डागाळलेला होणं. मान आखडणं, उजेड सहन न होणं, बरळणं ही आपण ऐकलेली लक्षणं त्यानंतरची. आता सतरा-अठरा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. 'डोकं दुखतंय, झोपतो' म्हणून दार लावून घेतो. आदल्या रात्री पार्टी झालेली असेल तर मित्रांना वाटतं, जास्त झाली असेल, झोपू दे. बाळ आजारी पडलं की आपण रात्रभर उशाशी असतो. या वयात उशाशी कोणीच नसतं.

अंगावर बारीक लाल-जांभळे ठिपके उठतात, त्यांची एक तपासणी इथल्या प्रत्येक पत्रकात असते. पारदर्शक काचेचा ग्लास आडवा धरून ठिपक्यांवर दाबायचा. काचेखाली ठिपके तसेच दिसत राहिले तर ताबडतोब 999, म्हणजे इथला आपत्कालीन नंबर, लावायचा. पत्रकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे, याचा मला मनापासून संताप आहे. आपल्या रंगावर हे ठिपके सहज दिसत नाहीत. तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू आणि टाळू बघायची, हे आपल्या मुलांना आपणच सांगायला हवं. लेकीने स्वतःच्या दंडावर ग्लास दाबून पाहिला. डासाच्या चाव्याचा लाल डाग काचेखाली क्षणात पांढुरका झाला, तेव्हा कुठे तिला फरक कळला. शिवाय काहींना ठिपके उठतच नाहीत, किंवा फार उशिरा उठतात. ठिपक्यांची वाट पाहत बसायचं नाही.

या बाबतीत ब्रिटनचं कौतुक करावंच लागतं. सी गटाविरुद्धची नवी लस 1999 मध्ये राष्ट्रीय पातळीवर आणणारा हा पहिला देश. डब्ल्यू गटाचे रुग्ण वाढायला लागल्यावर 2015 मध्ये पोरवयीन मुलांना एसीडब्ल्यूवाय सुरू केली. पण 'तुमच्याकडे हे नसेल ना' असं शाळेतल्या एका आईने विचारलं, तेव्हा मीही ऐकवलं. आफ्रिकेत या आजाराने हजारो माणसं मरायची तिथे 2010 पासून गेलेली स्वस्त लस पुण्याच्या सीरमची आहे, आणि 2024 मध्ये नायजेरियात सुरू झालेली पाच गटांवरची लसही त्यांचीच. आपल्या सरकारी लसीकरणात मुलांना मेनिंगोकोकसची लस सरसकट मिळत नाही, हेही खरं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

शाळेतल्या लसीत बी गट नाही, हे पुष्कळ पालकांच्या लक्षात येत नाही. इथे आता बहुतेक रुग्ण बी गटाचेच असतात. बी ची लस सप्टेंबर 2015 पासून नेहमीच्या वेळापत्रकात फक्त तान्ह्या बाळांना मिळते, मे 2015 च्या आधी जन्मलेली आजची मोठी मुलं तिच्यातून सुटली. दक्षिण ऑस्ट्रेलियात हजारो विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की ही लस घशातला जिवाणू कमी करत नाही. म्हणजे टोचून घेणाऱ्यालाच संरक्षण, आजूबाजूच्यांना नाही. मी लेकीला दोन्ही डोस खासगीत दिले. हौस म्हणा हवं तर.

सप्टेंबरमध्ये मुलांना इकडे शिकायला पाठवत असाल तर त्यांना एसीडब्ल्यूवाय निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी तिकडेच टोचून घ्या. राहून गेलं तर इथे पोचल्याबरोबर जीपीकडे, म्हणजे जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं. पहिल्यांदा विद्यापीठात आलेल्यांना पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत ती फुकट मिळते. अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांसारखी इथे सहसा सक्ती नसते, त्यामुळे कोणी आठवण करेल या भरवशावर राहू नका. सोबत राहणाऱ्याला हा आजार झाला तर आरोग्य खात्याकडून फोन येतो आणि अँटिबायोटिक देतात, ते निमूट घ्यायचं. आणि ताप आला की दार आतून लावून झोपायचं नाही. शेजारच्या खोलीतल्या कोणालातरी सांगायचं, दर दोन तासांनी मला हाक मार, आणि मी नीट उत्तर दिलं नाही तर 999 लाव.