तुम्ही विचारलंत म्हणून : वरचे वीस टक्के कशाचे?

भारतातून आमच्याकडे अमेरिकेत कुणीही पाहुणा येवो, हॉटेलातलं पहिलं बिल टेबलावर आलं की प्रश्न ठरलेला. ‘जेवणाचे पैसे दिले ना? मग टिप म्हणून हे वरचे वीस टक्के कशाचे?’ बावीस वर्षं मी ‘इथली पद्धतच आहे’ एवढं सांगून वेळ मारून नेली. माझी मुलगी कॉलेजच्या सुट्टीत वेटरचं काम करायला लागली, तेव्हा मला ‘पद्धत’ या शब्दाखाली काय काय दडलंय ते दिसलं.

गेल्या उन्हाळ्यात मामा आले होते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख. फिलाडेल्फियाजवळच्या आमच्या गावातल्या एका डायनरमध्ये त्यांनी हट्टानं बिल दिलं. 64 डॉलर झाले होते. वर दोन डॉलर ठेवून म्हणाले, ‘खुशाली ठेवलीय गं.’ गाडीपर्यंत गेल्यावर चष्मा विसरल्याचं सांगून मी परत आत आले. आमची वेट्रेस, साठीच्या घरातली बाई, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून कागदी नॅपकिनमध्ये काटे-सुऱ्या गुंडाळत होती. एक काटा, एक सुरी, घट्ट वळकटी, वर चिकटपट्टी. शेजारी तशा वळकट्यांचा ढीग. हे काम गिऱ्हाइकाच्या नजरेला पडत नाही, म्हणून त्याची टिपही कुणी देत नाही. मी अकरा डॉलर तिच्या हातात ठेवले. ‘थँक यू, हनी,’ म्हणाली आणि तिनं पुढचा काटा उचलला.

मामांची चूक नव्हती. आपल्याकडे खुशाली म्हणजे खुशीनं दिलेली. दिवाळीची पोस्त पगाराच्या वरची. इथे मात्र तीच पगार आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं किमान वेतन तासाला 7.25 डॉलर, 2009 पासून त्यात एका सेंटची वाढ नाही. पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं 2.13 डॉलर दिले तरी चालतं, आणि हा आकडा 1991 पासून जागचा हललेला नाही. आमच्या पेनसिल्व्हेनियात 2.83 डॉलर. उरलेलं गिऱ्हाइकानं भरायचं. टिपा धरूनही किमान वेतन होत नसेल तर फरक मालकानं द्यावा, असं कायदा म्हणतो खरा. पण पुढच्या आठवड्याच्या पाळ्या ज्याच्या मर्जीवर मिळायच्या, त्याच्याकडे फरक मागायला कोण जाणार?

मुलीनं पगाराची पहिली स्लिप स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आणून ठेवली. पंधरवड्याचे 52 तास, दर 2.83, एकूण 147 डॉलर 16 सेंट. रोज रात्री घरी आणलेल्या टिपांवरचा करही याच रकमेतून कापलेला. हातात येणारी रक्कम : शून्य. ‘आई, काहीतरी चुकलंय का?’ मी दोनदा बेरीज केली. काही चुकलं नव्हतं.

शिवाय तिच्या टेबलांवर जेवढी विक्री होईल, तिच्या ठरावीक टक्के रक्कम रोज टेबलं पुसणाऱ्या मुलाला आणि बारटेंडरला द्यावी लागे. म्हणजे एखाद्या टेबलानं काहीच ठेवलं नाही, तर त्या टेबलापायी तिच्याच खिशातून पैसे जायचे. हे मला तोवर माहीत नव्हतं. आधी किती ठिकाणी मी दहा टक्क्यांवर भागवलं असेल, ते आठवून अजूनही वाईट वाटतं.

एका संध्याकाळी आठ जणांचं भारतीय कुटुंब आलं. बाकीच्या वेटरनी हिच्याकडे पाहिलं : ‘तुझे लोक आहेत, तू घे.’ आपले लोक टिप देत नाहीत, हे त्यांनी धरूनच टाकलं होतं. रात्री हे सांगताना तिचा आवाज बसला. त्या कुटुंबानं भरपूर टिप ठेवली होती, पण तिला लागलं ते आधीचं. मलाही लागलं. पण त्या पोरांवर मला राग धरता येत नाही. मजुरी गिऱ्हाइकाच्या लहरीवर टांगली की दारातून कोण आत येतंय, त्याची कातडी, कपडे, वय बघून अंदाज बांधायची सवय लागते. आणि गिऱ्हाईकही वेटरची कातडी बघूनच नोटा मोजतं.

हे आजचं नाही. टिप आली युरोपातून. पण मजुरीच्या जागी ती इथे रुजली ती गुलामगिरी संपल्यावर. जॉर्ज पुलमन यांनी 1867 मध्ये रेल्वेच्या शयनडब्यांची कंपनी काढली आणि पोर्टर म्हणून, म्हणजे डब्यात प्रवाशांची सेवा करायला, नुकतेच मुक्त झालेले काळे पुरुष नेमले. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या टिपेवर. पुढे अनेक वर्षं महिन्याला 400 तास किंवा 11,000 मैल भरावे लागत. प्रवासी त्यांना त्यांच्या नावानं नव्हे, मालकाच्या नावानं हाक मारत : ‘जॉर्ज!’ जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना, आणि त्याच वर्षांत हे मुक्त झालेले लोक टिपेच्या आशेवर बिछाने घालत होते. जोतीरावांनी केलेला गौरव मला आजही रास्तच वाटतो. बेड्या तुटल्या होत्या; मजुरीचा प्रश्न बाकी होता. पोर्टरांनी 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली युनियन बांधली आणि 1937 मध्ये कंपनीकडून करार मिळवला. ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्य’ मागणाऱ्या 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या अग्रभागीही हेच रँडॉल्फ होते. हॉटेल कामगारांना मात्र 1938 च्या किमान वेतनाच्या कायद्यातून वगळलं होतं. 1966 मध्ये आत घेतलं, ते टिप मजुरीत धरायची मुभा मालकांना देऊनच.

हल्ली पाहुणे म्हणतात, ‘आता तर टिपेवरचा कर माफ झाला ना?’ 2025 च्या कायद्यानं 25,000 डॉलरपर्यंतच्या टिपा केंद्रीय प्राप्तिकर मोजताना उत्पन्नातून वजा करता येतात. ज्यांची कमाई बरी आहे त्यांना फायदा होईल, आणि तो व्हावाच. पण जिची कमाई मुळात कर लागण्याइतकी नाही तिला काय? आणि 2.13 चा आकडा तसाच. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा सात राज्यांत मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, टिप त्याच्या वर. तिथली हॉटेलं काही ओस पडलेली नाहीत. सगळ्या देशात तसं व्हायला हवं, हे माझं ठाम मत. मात्र तो कायदा होईपर्यंत टिप न देऊन आपण मालकाला धडा शिकवत नाही, त्या बाईचा पगार कापतो.

यातलं बरंचसं मी त्या रात्री मामांना सांगितलं. चष्म्याचंही खरं सांगून टाकलं.

‘1991 पासून तोच दर? महागाई भत्ता?’

‘नाही.’

‘युनियन?’

‘बहुतेक ठिकाणी नाही, मामा.’

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्याच डायनरला जायचं त्यांनीच काढलं. बिल 41 डॉलर झालं. त्यांनी पाकीट उघडलं, आठ डॉलर मोजून बाजूला ठेवले, आणि मला हळूच विचारलं, ‘त्या काटे गुंडाळायच्या कामाचे किती धरायचे गं?’